वाईन आणि बिअर पहिल्यांदाच समजून घेताय? मग या क्रमाने जा

वाईन चांगली की बिअर, हा प्रश्न नवीन माणसाला हमखास पडतो आणि त्याला मिळणारी उत्तरं बहुतेक वेळा चवीची नसतातच, ती ऐटीची असतात, म्हणजे वाईन मोठ्या लोकांची आणि बिअर मित्रांच्या गोंगाटातली, असलं काहीतरी. हे आधी डोक्यातून काढून टाका. माझं मत असं आहे की या दोघींमधला जवळजवळ सगळा फरक एका साध्या गोष्टीतून निघतो: द्राक्षात साखर तयार असते आणि धान्यात ती तयार करावी लागते. चव, लेबल, ग्लास, ती कुठल्या देशात रुजली, लोक तिच्यासोबत कसे बसतात, यातलं बरंचसं शेवटी तिथेच येऊन पोचतं. तोच धागा धरून पुढे जाऊया.

सुरुवातीलाच एक सांगतो. ही दारू आहे, दोन्ही. तुमच्याकडच्या कायद्याने वय झालं नसेल, गरोदर असाल, गाडी चालवायची असेल किंवा औषधं चालू असतील तर घ्यायची नाही. आणि पीतच नसाल तर सुरू करायचं काही कारण नाही, पण हा विषय नुसता वाचायलाही खूप मजेशीर आहे.

पायरी १: दोन्ही बनतात कशा ते आधी नीट समजून घ्या

ही पायरी लोक गाळतात आणि मग नुसती नावं पाठ करत बसतात. तसं करू नका, कारण हे एकदा कळलं की अर्धी नावं आपोआप समजतात.

वाईनचं काम वरवर सोपं आहे. पिकलेली द्राक्षं ठेचली, रस सुटला की सालीवरचं आणि वायनरीतलं यीस्ट, किंवा मुद्दाम घातलेलं यीस्ट, त्यातली साखर खायला लागतं आणि तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. वाईनच्या द्राक्षाच्या रसात लिटरला साधारण २०० ते २५० ग्रॅम साखर असते आणि सुमारे १७ ग्रॅम साखरेमागे १% अल्कोहोल होतं, म्हणून बहुतेक वाईन १२ ते १४ टक्क्यांच्या आसपास असतात, हा आकडा कोणी ठरवून दिलेला नाही, तो द्राक्षातूनच येतो. रेड वाईनमध्ये रस सालींसकट आंबवतात, रंग आणि टॅनिन (तोंड तुरट करणारं द्रव्य) सालीतून उतरतं. व्हाइटमध्ये आधी रस पिळून साली बाजूला काढतात. म्हणूनच काळ्या द्राक्षाचीही पांढरी वाईन होऊ शकते, शॅम्पेनमध्ये पिनो न्वार हे काळं द्राक्ष असतंच की. रोझे म्हणजे साली थोडाच वेळ रसात ठेवलेल्या, इतकंच.

बिअरचं मात्र तसं नाही. बार्लीच्या दाण्यात स्टार्च असतो आणि बिअरच्या यीस्टला तो सरळ खाता येत नाही. मग काय करतात, दाणे भिजवून त्यांना मोड आणतात, मोड येताना दाण्याच्या आत एन्झाइम तयार होतात, आणि ते झालं की भट्टीत वाळवून मोड तिथेच थांबवतात. हा झाला माल्ट. हलका वाळवला तर सोनेरी बिअर, जास्त भाजला तर तांबूस, पार काळा भाजला तर स्टाउट नावाच्या काळ्या बिअरमधली कॉफीसारखी चव. मग माल्ट भरडून साधारण ६५ अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवतात, त्याला मॅशिंग म्हणतात, त्यात एन्झाइम स्टार्चची साखर करतात. जो गोड काढा निघतो त्याला वर्ट म्हणतात, तो हॉप्स घालून तासभर उकळायचा, थंड करायचा आणि मग कुठे यीस्ट घालायचं.

हॉप्सबद्दल थोडं जास्त सांगतो कारण बिअरची अर्धी ओळख त्यात आहे. ही एका वेलीची फुलं. त्यांचा कडवटपणा बिअरमध्ये नीट उतरायला उकळावं लागतं, पण उकळलं की त्यांचा सुगंध उडून जातो. म्हणून ब्रूअर काही हॉप्स सुरुवातीला टाकतो कडवटपणासाठी, काही अगदी शेवटी टाकतो वासासाठी, आणि काही तर बिअर थंड झाल्यावर आंबताना किंवा आंबून झाल्यावर, ज्याला ड्राय हॉपिंग म्हणतात. आयपीए या भरपूर हॉप्सच्या बिअरमध्ये संत्र्यासारखा, आंब्यासारखा किंवा पाइनच्या झाडासारखा वास येतो तो बहुतेक वेळा या हॉप्सचा असतो, त्यात फळ घातलेलं नसतं.

आता यातून काय निघालं बघा. द्राक्ष वर्षातून एकदा येतं, टिकत नाही, तोडलं की लगेच कामाला लागावं लागतं, आणि सहसा त्यात वरून पाणी घालत नाहीत, म्हणजे जे शेतात झालं तेच बाटलीत येतं. धान्य मात्र पोत्यात वर्षभर टिकतं, कुठेही नेता येतं, आणि ब्रूअर आज पिवळी, उद्या काळी, परवा आंबट बिअर बनवू शकतो. म्हणून वाईनबद्दल पहिला प्रश्न विचारायचा तो "कुठली आणि कुठल्या वर्षाची?" आणि बिअरबद्दल विचारायचा तो "कशी बनवली आणि किती ताजी?" हे दोन प्रश्न लक्षात ठेवा, पुढे सारखे लागणार आहेत.

पायरी २: कुठे वाईन रुजली, कुठे बिअर, आणि का

वाईनची द्राक्षं साधारण ३० ते ५० अक्षांशांच्या पट्ट्यात चांगली येतात, उत्तरेला आणि दक्षिणेला दोन्हीकडे. त्यामुळे भूमध्य समुद्राच्या भोवती, म्हणजे ग्रीस, इटली, स्पेन, फ्रान्सचा बराचसा भाग इथे वाईन, आणि त्याच्या वर जिथे थंडीमुळे द्राक्ष नीट पिकत नाही पण बार्ली मजेत येते तिथे बिअर, म्हणजे जर्मनीचा मोठा भाग, बेल्जियम, चेक प्रदेश, इंग्लंड. ही काही देशांच्या स्वभावाची गोष्ट नाही, हवामानाची आहे. नंतर तिला स्वभावाचं रूप आलं ते वेगळं.

दोन्हींचं वय मात्र प्रचंड आहे. जॉर्जियात सुमारे ८००० वर्षांपूर्वीच्या मातीच्या भांड्यांत द्राक्षाच्या वाईनचे अंश सापडलेत, आणि आर्मेनियात अरेनी नावाच्या गावाजवळच्या गुहेत सुमारे ६००० वर्षांपूर्वीची द्राक्षं तुडवायची जागा आणि भांडी सापडलीत. जॉर्जियात आजही क्वेव्री नावाचे मोठे मातीचे रांजण जमिनीत पुरून त्यात वाईन करतात, त्या पद्धतीला २०१३ साली युनेस्कोने वारशाच्या यादीत घेतलं. बिअरकडे बघायचं तर मेसोपोटेमिया. सुमेरियन लोकांची निनकासी नावाची बिअरची देवीच होती, तिचं स्तोत्र मातीच्या पाट्यांवर मिळालंय, सुमारे इसवी सनपूर्व १८०० च्या काळातलं, आणि त्यात बिअर बनवायची कृती कळते. तिथल्या जुन्या चित्रांत लोक एका मोठ्या भांड्याभोवती बसून लांब नळ्यांनी पिताना दिसतात. हम्मुराबीच्या कायद्यात दारूचं दुकान चालवणाऱ्या बायांचा उल्लेख आहे आणि बिअरच्या किमतीत लबाडी करणारीला पाण्यात टाकायची शिक्षा आहे, म्हणजे हा धंदा तेव्हा बायकांच्या हातात होता हे उघड दिसतं. मध्ययुगीन इंग्लंडमध्येही घरोघरी एल (उबदार हवेत पटकन आंबणारी बिअर) बनवणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या. बिअर म्हणजे पुरुषांचं पेय असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरूर वाचावं.

इजिप्तमध्ये कामगारांना मजुरीत भाकरी आणि बिअर मिळायची, वाईन जास्त करून राजघराण्यात आणि देवळांत. इथूनच तो मोठा-साधा भेद सुरू झालेला दिसतो, आणि त्याचं कारण परत तेच, धान्य सगळ्यांच्या कोठारात आहे, द्राक्ष सगळ्यांकडे नाही. ग्रीक लोक वाईनमध्ये पाणी मिसळून प्यायचे आणि बिनपाण्याची पिणं रानटीपणाचं समजायचे. रोमन लोकांना उत्तरेकडची धान्याची दारू परक्यांची वाटायची, पण तेच रोमन पुढे सरकत गेले तशी त्यांनी वेलही ऱ्हाइन आणि मोझेलच्या काठापर्यंत नेली. नंतर ख्रिस्ती मठांनी दोन्ही सांभाळल्या. चर्चच्या विधीला वाईन लागतेच, म्हणून फ्रान्सच्या बरगंडीत सिस्टर्शियन भिक्षूंनी द्राक्षमळ्यांचे तुकडे वर्षानुवर्षं जोपासले, आणि थंड भागातल्या मठांनी बिअर बनवली, बेल्जियममधल्या ट्रॅपिस्ट मठांच्या बिअर आजही मिळतात.

पुढच्या काही तारखा माहीत असलेल्या बऱ्या. १५१६ साली बव्हेरियात नियम निघाला की बिअरमध्ये फक्त बार्ली, हॉप्स आणि पाणी. यीस्टचं नाव त्यात नाही कारण यीस्ट नेमकं काय करतं ते कोणाला माहीतच नव्हतं, ते पाश्चरच्या कामामुळे एकोणिसाव्या शतकात कळलं, आणि १८८३ साली कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेनने लागरचं, म्हणजे थंडीत सावकाश आंबणाऱ्या बिअरचं, शुद्ध यीस्ट वेगळं काढलं. त्याआधी १८४२ मध्ये चेक प्रदेशातल्या पिल्सेन गावात योझेफ ग्रोल या ब्रूअरने पहिली सोनेरी, स्वच्छ पिल्सनर बनवली, आज जगात कुठेही मिळणारी नेहमीची पिवळी बिअर तिचीच नात-पणती. वाईनकडे १८५५ मध्ये फ्रान्समधल्या बोर्डोच्या शातोंची, म्हणजे मळा असलेल्या वाईन घराण्यांची, प्रतवारी झाली, ती आजही जवळपास तशीच चालते. आणि १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सचे मळेच्या मळे खाल्ले, तेव्हा अमेरिकन वेलींच्या मुळांवर युरोपियन वेलीची कलमं करून वाईन वाचवली, अजूनही बहुतेक मळे तसेच कलमी आहेत.

पायरी ३: लेबल वाचायला शिका

वाईनच्या लेबलवर तीन गोष्टी शोधा: जागा, वर्ष, द्राक्ष. फ्रान्स-इटली-स्पेनच्या लेबलवर बरेचदा द्राक्षाचं नाव नसतं, नुसतं जागेचं असतं, आणि नवीन माणूस तिथेच अडकतो. थोडी पाठ करून टाका: शाब्ली म्हणजे शार्डोने, सांसेर व्हाइट असेल तर सोव्हिन्यों ब्लां, बरगंडीची रेड बहुतेक पिनो न्वार, बारोलो म्हणजे नेब्बिओलो, रियोहाची रेड मुख्यतः टेम्प्रानियो. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, चिली इकडच्या लेबलवर द्राक्षाचं नाव सहसा ठळक असतं, म्हणून सुरुवात तिथून केली तर सोपं जातं.

अल्कोहोलचा आकडाही बोलका असतो. जर्मन रीसलिंगवर (ही व्हाइट वाईन) ८% दिसलं तर समजा यीस्टने सगळी साखर खाल्लेली नाही, म्हणजे वाईन गोडसर असणार. १४.५% दिसलं तर द्राक्ष गरम हवेत चांगलं पिकलेलं, वाईन भरदार असणार.

बिअरच्या लेबलवर आधी प्रकार बघा, मग अल्कोहोल, मग भरल्याची तारीख. तारीख सगळ्यात दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची! हॉप्सचा सुगंध काही आठवड्यांतच उतरायला लागतो, त्यामुळे जुनी आयपीए म्हणजे सुगंध गेलेली नुसती कडू बिअर. फक्त तगड्या, काळ्या, जास्त अल्कोहोलच्या किंवा आंबट बिअर वर्षानुवर्षं ठेवता येतात. आणि वाईनचंही तसंच आहे, जुनी म्हणजे चांगली हे सरसकट खरं नाही, जगातली बहुतेक वाईन एक-दोन वर्षांत प्यायला म्हणूनच बनवलेली असते.

आयबीयू असं लिहिलेलं दिसलं तर तो कडवटपणाचा आकडा, पण त्यावर फार विसंबू नका, कारण माल्टचा गोडवा भरपूर असेल तर ५० आयबीयूची बिअरही मऊ लागते.

शाकाहारी मंडळींसाठी: काही वाईन आणि काही बिअर स्वच्छ करायला माशाच्या फुग्यापासून केलेला आयसिंग्लास, अंड्याचा पांढरा भाग किंवा दुधातलं प्रोटीन वापरतात. ते बहुतांश गाळात निघून जातं पण ज्यांना चालत नाही त्यांनी व्हीगन लिहिलेली बाटली बघावी. आणि ग्लुटेन चालत नसेल तर साधी बिअर नको, बार्ली-गव्हाची असते ती, वाईन चालते.

पायरी ४: काय काय प्यायचं, जोड्या लावून

एकाच प्रकारच्या पाच बाटल्या घेण्यापेक्षा एक बिअर आणि एक वाईन अशी जोडी लावून प्या, तुलना केल्याशिवाय जीभ शिकत नाही. मी पुढच्या क्रमाने जायला सांगेन.

पहिली जोडी पिल्सनर आणि सोव्हिन्यों ब्लां. दोन्ही हलक्या, दोन्ही तोंड स्वच्छ करणाऱ्या, पण एक ते काम कडवटपणाने करते आणि दुसरी आंबटपणाने. वाईनचा कणा आम्लाचा आणि बिअरचा कणा हॉप्सच्या कडवटपणाचा हे इथे एका मिनिटात कळतं.

दुसरी जोडी जर्मन गव्हाची बिअर, हेफेवाइझन, आणि रीसलिंग. हेफेवाइझनमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, आणि तो येतो पूर्णपणे यीस्टमुळे, त्यात केळंही नाही आणि लवंगही नाही. रीसलिंगमधला लिंबू-सफरचंदाचा वास मुख्यतः द्राक्षाचा. म्हणजे इथे सुगंध कोण देतं ते बघायचं.

तिसरी स्टाउट आणि काबर्ने सोव्हिन्यों ही रेड वाईन, आणि ही नीट वेळ देऊन प्या. दोन्हींत एक कोरडेपणा आहे, पण वेगवेगळा. स्टाउटचा कडवटपणा भाजलेल्या दाण्याचा, तो चव म्हणून जाणवतो. काबर्नेचं टॅनिन ही खरं तर चव नाही, ते स्पर्शाने जाणवतं, कडक काळा चहा पिल्यावर हिरड्या आणि गाल जसे सुकल्यासारखे होतात अगदी तसं, कारण टॅनिन लाळेतल्या प्रोटीनला चिकटतं. कडू आणि तुरट यातला फरक ज्याला तोंडात ओळखता आला त्याने मोठी मजल मारली असं मी म्हणेन.

शेवटची जोडी थोडी धीटपणाची, बेल्जियमची ग्योझ आणि शॅम्पेन किंवा त्याच पद्धतीची दुसरी स्पार्कलिंग वाईन. ब्रसेल्सच्या आसपास लँबिक नावाची बिअर बनते, वर्ट उथळ भांड्यात रात्रभर उघडा ठेवतात आणि हवेतलं, लाकडातलं जंगली यीस्ट आणि जिवाणू त्यात येऊन बसतात, मग लाकडी पिंपात वर्ष-दोन वर्षं-तीन वर्षं. हे फक्त थंडीच्या महिन्यांतच करतात. वेगवेगळ्या वयाच्या लँबिक मिसळून बाटलीत परत आंबवल्या की ग्योझ. म्हणजे ही बिअर असून जागेला आणि ऋतूला बांधलेली आहे. आणि गंमत अशी की शॅम्पेन उलटी, नेहमीची शॅम्पेन बनवताना वेगवेगळ्या वर्षांच्या वाईन मिसळतात, का तर त्या घराण्याची चव दर वर्षी सारखी राहावी, म्हणजे वाईन असून ब्रूअरसारखा विचार. मी वर जो नियम सांगितला तो जिथे वाकतो ती हीच जागा, आणि म्हणूनच मला ही जोडी सगळ्यात आवडते.

पाण्याचंही एक सांगायचं राहिलं. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं, म्हणून जुन्या काळी बिअरलाही जागा चिकटलेली असायची, पिल्सेनचं पाणी खूप मृदू म्हणून तिथे नाजूक पिल्सनर, इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या पाण्यात सल्फेट भरपूर म्हणून तिथली पेल एल खणखणीत कडू. आता क्षार काढून-घालून कुठेही हवं तसं पाणी करता येतं.

पायरी ५: तापमान आणि ग्लास

बर्फासारखी थंड बिअर आणि कोमट रेड वाईन, या दोन सवयी सोडल्या तरी खूप झालं. लागर ४ ते ७ अंश, एल ८ ते १३, स्टाउट आणि तगड्या बिअर थोड्या अजून वर, स्पार्कलिंग वाईन ६ ते ८, व्हाइट ८ ते १२, रेड १५ ते १८. रेड वाईन खोलीच्या तापमानाला द्यावी असं म्हणतात ना, ती खोली थंड प्रदेशातली धरायची. गरम हवेत रेडची बाटली पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, अल्कोहोलचा भपका कमी होतो.

ग्लासवर फार पैसे घालू नका. तोंडाशी जरा निमुळता होणारा एक वाईन ग्लास दोन्हींना चालतो. एक-तृतीयांशच भरा म्हणजे वास जमायला जागा राहते. बिअरचा ग्लास मात्र अगदी स्वच्छ हवा, तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला की फेस बसतो, आणि बिअर शक्यतो ग्लासातच ओता, बाटलीला तोंड लावलं की नाकाला काहीच मिळत नाही.

पायरी ६: चाखायची पद्धत

बघा, हुंगा, घोट घ्या. वाईन ग्लासात फिरवायची, बिअर हलकेच फिरवली तरी चालते पण गॅस जातो, म्हणून बेतानेच. वास दोनदा घ्या, थोडं थांबून. घोट तोंडात फिरवा आणि गिळल्यावर नाकाने श्वास बाहेर सोडा, कारण आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग मागच्या बाजूने नाकात जाणारा वास असतो. जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू असा तो नकाशा पूर्वी शिकवायचे तो चुकीचा आहे, सगळ्या चवी सगळ्या जिभेवर कळतात.

आणि लिहून ठेवा. दोन ओळी पुरतात. "चेरीचे तरंग" वगैरे भाषा यायची गरज नाही, आंबट किती, तुरट किती, गोड किती, परत घ्याल का, बस.

पायरी ७: खाण्यासोबत

मोठमोठे तक्ते पाठ करण्यापेक्षा कारणं लक्षात ठेवा. तळलेलं, तुपकट खाणं असेल तर आंबट किंवा बुडबुडे असलेलं काहीही चालतं, लागर असो की स्पार्कलिंग वाईन. टॅनिनवाली रेड चरबीदार मांसासोबत मऊ लागते कारण टॅनिनला चिकटायला प्रोटीन मिळतं, तीच वाईन तेलकट माशासोबत धातूसारखी लागू शकते. तिखट खाण्यासोबत जास्त अल्कोहोल, जास्त टॅनिन आणि जास्त कडवटपणा तिन्ही आग वाढवतात, म्हणून तिथे काबर्ने नको आणि जोरदार आयपीएही नको, गव्हाची बिअर किंवा गोडसर रीसलिंग घ्या. भाजलेल्या पदार्थांसोबत बिअर पुढे जाते, कारण तिच्या माल्टमध्येही भाजल्याची चव असते आणि वाईनकडे ती फारशी नसते. चीजसोबत सगळे रेड वाईन म्हणतात, मला बहुतेक चीजसोबत बिअर जास्त पटते, बुडबुडे आणि माल्टचा गोडवा चीजच्या खारटपणाला सांभाळून घेतात.

पायरी ८: बिघडलेली ओळखा, उरलेली ठेवा

ओल्या पुठ्ठ्याचा, बुरशीचा वास आला तर वाईनमध्ये बहुतेक कॉर्कचा दोष, टीसीए नावाच्या रसायनाचा. बिअरमध्ये पुठ्ठ्यासारखी चव आली तर ती शिळी झालीय, हवा लागलीय. व्हिनेगरसारखी आंबट झाली तर दोन्हींत जिवाणूंचं काम, अर्थात मुद्दाम आंबट केलेली बिअर सोडून. बिअरला कुबट, उग्र वास आला तर उजेड लागलाय, हॉप्समधली द्रव्यं उजेडात बिघडतात, म्हणून तपकिरी बाटली किंवा कॅन बरा, हिरवी आणि पारदर्शक बाटली तितकी वाचवत नाही.

बिअर उभी ठेवा, थंड आणि अंधारात. कॉर्कची वाईन आडवी ठेवा म्हणजे कॉर्क सुकत नाही, स्क्रू कॅप असेल तर कशीही. उघडलेली वाईन बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, रेडसुद्धा फ्रिजमध्येच. उघडलेली बिअर त्याच दिवशी संपवायची.

पायरी ९: लोकांसोबत बसताना

हॉटेलात वेटर आधी थोडीशी वाईन ओतून थांबतो तेव्हा तुम्हाला आवडली का हे तो विचारत नसतो, ती बिघडलेली नाही ना एवढंच बघायचं असतं. वास घ्या, मान हलवा, झालं.

फ्रान्स-इटलीत वाईन जेवणाचा भाग आहे, जेवणाच्या टेबलावर असते. जॉर्जियात मेजवानीला तमादा असतो, तो एकामागून एक शुभेच्छांची भाषणं करतो आणि त्यानंतरच सगळे पितात, मध्येच आपला ग्लास उचलणं बरं दिसत नाही. बिअरच्या रीती जास्त बरोबरीच्या आहेत. इंग्लंडच्या पबमध्ये आळीपाळीने एकेकाने सगळ्यांसाठी राउंड आणायचा असतो आणि आपली पाळी चुकवणारा लक्षात राहतो. बव्हेरियात लांब बाकांवर अनोळखी लोकांच्या शेजारी बसायचं, बऱ्याच बिअर गार्डनमध्ये खाणं घरून आणलं तरी चालतं, आणि ग्लास भिडवताना डोळ्यांत बघायचं. बेल्जियममध्ये प्रत्येक बिअरचा स्वतःचा ग्लास असतो, २०१६ साली तिथल्या बिअर संस्कृतीलाही युनेस्कोने यादीत घेतलं. कमी अल्कोहोल, मोठा ग्लास, म्हणून लांब बैठक, बिअरभोवती गप्पांची जागा तयार झाली त्याचं कारण मला तरी हेच दिसतं.

पायरी १०: किती

बिअर हलकी असते म्हणून कितीही चालते हा गैरसमज आहे. ५% ची ३३० मिलीची बाटली म्हणजे साधारण १३ ग्रॅम अल्कोहोल, १३% वाईनचा १५० मिलीचा ग्लास म्हणजे साधारण १५ ग्रॅम, आणि ५% चा अर्धा लिटरचा मग म्हणजे जवळजवळ २० ग्रॅम, म्हणजे तो मग वाईनच्या ग्लासापेक्षा जास्त झाला. यकृताला कुठली बाटली होती ते कळत नाही. रेड वाईन हृदयाला चांगली हेही आता कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नका, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय की अल्कोहोलचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही, आणि कॅन्सरला कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात ते १९८८ पासून आहे. आधी बिअर मग वाईन घेतली की दुसऱ्या दिवशी डोकं दुखत नाही, हे २०१९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी खरोखर करून बघितलं आणि क्रमाने काही फरक पडला नाही, एकूण किती घेतली त्यानेच पडतो.

म्हणून वरच्या जोड्या करून बघताना प्रत्येकाने ५०-६० मिलीच ओतून घ्या, चार जण मिळून बाटल्या वाटून घ्या, एका वेळी दोनच जोड्या. मध्ये साधं पाणी आणि बिनमसाल्याचा ब्रेड. हलक्यापासून जडकडे जा, म्हणजे पिल्सनरची जोडी आधी आणि स्टाउटची नंतर, उलटं केलं तर पिल्सनर पाण्यासारखी लागेल. टेबलावर एक रिकामं भांडं ठेवा, न आवडलेली किंवा उरलेली त्यात ओता, चाखलेला घोट थुंकायचा असेल तर तोही, वाईन चाखण्याचं काम करणारे लोक रोज तेच करतात. आणि परत घरी जायला गाडी कोण चालवणार ते बाटली उघडण्याआधीच ठरवा.